शिवण्याचा खेळ कोणी विसरवला?

निरगुडसर, आंबेगाव, जुन्नर हा बैलगाडा शर्यतीचा मुलूख. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१७ साली विधिमंडळाने कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ रोजी घाट पुन्हा खुले झाले. बैलवाल्यांची दाद लागली!

पण आट्यापाट्या, शिवणापाणी मागे पडले, त्यांच्यासाठी कोण भांडले? या खेळांना ना बैलजोडी लागते, ना सातबारा. गडी शिवला की बाद, एवढाच नियम. ज्या गावगाड्यात आमच्या बापजाद्यांना शिवणे हा विटाळ होता, तिथे शिवणे हाच खेळ!

आमची मागणी एकच. घाटासाठी कायदा बदलता, तर गावोगावी मैदानही द्या. तिथे सर्व वस्त्यांची पोरे एकमेकांना शिवू द्या. समतेचा पहिला धडा तोच!