पाच कोश आणि एक रंगीत छायाचित्र



पुण्याहून पौडच्या रस्त्याने निघून भूगाव मागे टाकले की आमचे भुकूम लागते. अलीकडे या भागात शनिवार-रविवारी नाना तऱ्हेची शिबिरे भरतात. काही चांगली असतात, काही कशीबशी. अशाच एका शिबिराला आईबरोबर जाऊन आलेली शेजारची दहावीतली मुलगी एका संध्याकाळी माझ्याकडे आली. हातात स्वतःचे रंगीत छायाचित्र होते. डोक्याभोवती पिवळा ढग, खांद्यापाशी हिरवा, कडेला पुसट जांभळा.

"सर, माझा विज्ञानमय कोश फिकट आहे असं ते म्हणाले. मग अकरावीला सायन्स घेऊ की नको?"

प्रथम मला हसू आले. पण तिचा चेहरा पाहून आवरले. छायाचित्राचे पैसे भरले होतेच. कोश उजळावा म्हणून स्फटिकही घ्यायला सांगितले होते. पैसे एक वेळ जाऊ द्या. पण एका यंत्राने काढलेल्या रंगावरून एक मुलगी आपली शाखा ठरवायला निघाली होती, आणि 'उपनिषदात सांगितले आहे' म्हटल्यावर तिच्या आईला पुढे काही विचारण्याची सोय उरली नव्हती. म्हणून उपनिषदापासूनच सुरुवात करू.

अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि आनंदमय हे पाच शब्द तैत्तिरीय उपनिषदातले. 'कोश' ही संज्ञा त्यांना पुढच्या वेदान्त ग्रंथांत चिकटली. तिथे त्यांचे वर्णन पक्ष्याच्या रूपकाने केले आहे. विज्ञानमयाचे डोके म्हणजे श्रद्धा, आणि ऋत व सत्य हे त्याचे दोन पंख. तेव्हा 'विज्ञान' म्हणजे आपले भौतिक-रसायन नव्हे, विवेकाची समज. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. उपनिषद प्रत्येक पुढच्या पायरीला आधीच्याच्या 'आतला' म्हणते. अन्नाच्या आत प्राण, प्राणाच्या आत मन, असा तो प्रवास आहे. मग शरीराच्या बाहेर एवढी बोटे प्राणमय, तेवढी बोटे मनोमय हे तक्ते आले कुठून?

त्यांचा उगम बराच अलीकडचा आहे. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन झाली. तिचे संस्थापक १८७९ मध्ये मुंबईत आले, आणि पुढे १८८२ मध्ये संस्थेचे केंद्र मद्रासजवळ अड्यारला गेले. याच संस्थेतील लेडबीटर यांनी १९०२ मध्ये माणसाभोवतीच्या अदृश्य वलयांची रंगीत चित्रे पुस्तकरूपाने छापली. रागाला अमुक रंग, भक्तीला तमुक! वलयांची आजची रंगीत चित्रे या घराण्यातली आहेत. आत वळून 'मी म्हणजे नेमके कोण' असे विचारणारे चिंतन बाहेर मोजायच्या थरांत बदलले गेले, आणि तिथेच घोटाळा झाला. कारण शरीराबाहेर अमुक अंतरावर काही आहे असे म्हटले की ते विधान भौतिकशास्त्राच्या अंगणात येते. मग ते कशाने मोजले, एकक कोणते, हे विचारणे भागच आहे.

शरीराबाहेर काहीच नसते असे मात्र समजू नका. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट या वेगाने उष्णता बाहेर टाकत असतो. त्यातला मोठा वाटा अवरक्त किरणांचा. त्यांची सर्वांत प्रखर तरंगलांबी सुमारे ९.५ मायक्रॉन, आपल्या डोळ्याला ०.४ ते ०.७ मायक्रॉनच्या पलीकडचे दिसत नाही, म्हणून आपण एकमेकांना अंधारात चमकताना पाहत नाही, इतकेच! हृदयाच्या ठोक्यांबरोबर त्वचेवर सुमारे एक मिलिव्होल्टचा विद्युत्संकेत उमटतो. तो टिपण्याच्या पद्धतीबद्दल आइन्थोव्हेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयाचे चुंबकीय क्षेत्रही असते, पण पृथ्वीच्या क्षेत्राच्या दहा लाखांश इतके दुबळे. इतकेच काय, २००९ मध्ये जपानी संशोधकांनी माणसाच्या शरीरातून खराच प्रकाश बाहेर पडताना टिपला. तो डोळ्याला जाणवेल त्याच्या हजारपट मंद होता. या साऱ्याला एकके आहेत. मात्र यांतून कोणी विद्यार्थ्याची शाखा ठरवू शकणार नाही.

मग त्या छायाचित्राचे काय? मी तिला विचारले, "हात कशावर ठेवायला लावले होते?" धातूच्या पट्ट्यांवर, ती म्हणाली. अशी यंत्रे तळहाताचा विद्युतरोध मोजतात आणि त्या आकड्यांना संगणक ठरवून दिलेले रंग देतो. तळहाताला घाम आला की रोध कमी होतो. परीक्षेच्या नुसत्या आठवणीनेही घाम येतो!

दुसरा एक प्रकार रशियातील किर्लियन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांना तो १९३९ मध्ये आढळला. बोट फिल्मवर ठेवून उच्च दाबाची, उच्च वारंवारतेची वीज दिली की भोवतीच्या हवेचे आयनीभवन होते आणि निळसर किनार उमटते. पावसाळी रात्री उच्च दाबाच्या तारांखाली चरचर ऐकू येते ना, तोच हा प्रकार. नाणे ठेवले तरी किनार येते. आता नाण्याला कोणता कोश? अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवले की किनारीतले फरक मुख्यतः बोटावरच्या ओलाव्यामुळे पडतात.

हे वाचून काही शिक्षकबंधूंना वाटेल की प्राध्यापक योगाच्या विरुद्ध दिसतात. मुळीच नाही, मी स्वतः रोज प्राणायाम करतो. आणि योग तपासून पाहण्याचा उत्तम कित्ता आमच्या मुळशीच्या डोंगरांपलीकडे, लोणावळ्याला गिरवला गेला आहे. स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये तिथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढले. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब किती होतो, हे त्यांनी दाबमापक लावून पाहिले. तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. बस्तीत नळीतून पाणी वर का चढते याचा उलगडा झाला. क्ष-किरण चित्रेही त्यांनी घेतली. हा माणूस श्रद्धावान होता. परंतु 'शक्ती पाणी ओढते' एवढ्यावर तो थांबला नाही. तो पारा किती मिलिमीटर हलला ते पाहत बसला. मला याचे फार कौतुक वाटते.

आणखी एक प्रयोग तुमच्याच वयाला शोभणारा. अमेरिकेतील कोलोरॅडोची एमिली रोझा नऊ वर्षांची असताना तिने शाळेच्या विज्ञान जत्रेसाठी तो सुरू केला. रुग्णाला न शिवता, त्याचे ऊर्जाक्षेत्र हाताला जाणवते असा दावा करणारे उपचारक तिने बोलावले. मध्ये आडोसा. उपचारकाने भोकांतून दोन्ही तळहात पुढे करायचे. एमिली नाणे उडवून त्यांपैकी एका हातावर आठ-दहा सेंटिमीटर उंचीवर आपला हात धरणार. कोणत्या हातावर, ते त्याने सांगायचे. २१ उपचारकांनी २८० वेळा सांगितले. बरोबर आली १२३ उत्तरे, म्हणजे ४४ टक्के. नुसता अंदाज केला असता तरी निम्मी आली असती. हा निबंध १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापला गेला.

आमच्या भुकूमच्या मुलीला हा प्रयोग फार आवडला. पुठ्ठा आणि कात्री घेऊन ती लगेच आडोसा करायला बसली. मी सावध केले, की हाताची ऊब जवळून जाणवू शकते. मग उत्तर बरोबर आले तरी श्रेय कुणाचे? ती म्हणाली, मध्ये काच धरू, अवरक्त किरण अडतील. आणि थोडे थांबून म्हणाली, "पण सर, काचेनं प्राणसुद्धा अडतो असं ते नंतर म्हणाले तर?"

हे मला सुचले नव्हते. काच चालेल की नाही, हे दावा करणाऱ्यांकडून प्रयोगाआधीच लिहून घ्यायचे असे आम्ही ठरवले आहे. पुढच्या महिन्यात शिबिर पुन्हा आहे. कागद तिने तयार ठेवला आहे.