गल्ला एकाचा नसतो, जोडीचा असतो

लाल माती : साप्ताहिक स्तंभ
रोहिणखेड, ता. मोताळा, जि. बुलढाणा

2015 साली मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदर दोनदा रिंगणात उतरला. मे महिन्यात समोर मॅनी पॅकियाओ होता आणि 46 लाख अमेरिकी ग्राहकांनी नव्वद ते शंभर डॉलर मोजून ती लढत घरबसल्या पाहिली. सप्टेंबरात समोर आंद्रे बर्टो होता. गडी तोच, लास वेगासचं सभागृह तेच, एकही लढत न हरल्याचा विक्रमही तोच. पण विक्रीचे जे अंदाज बाहेर आले ते चार ते साडेपाच लाखांतच घुटमळले. चार महिन्यांत मेवेदरची कीर्ती काही आटली नव्हती. बर्टो त्याला लोळवेल असं कुणालाच वाटत नव्हतं, एवढंच.

अमेरिकेत या व्यवहाराला पे-पर-व्ह्यू म्हणतात. केबलचं महिन्याचं भाडं वेगळं आणि मोठी लढत पाहायची तर तिचे पैसे वेगळे. त्यामुळे कुणासाठी किती लोकांनी खिशात हात घातला याचा आकडा बाहेर येतो आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद रंगतात. होलीफिल्ड आणि फोरमन यांची 1991 ची लढत 14 लाखांनी घेतली. 1997 मध्ये टायसनने होलीफिल्डचा कान चावला ती लढत जवळजवळ 20 लाखांनी, तर 2007 ची मेवेदर आणि डे ला होया यांची 24 लाखांनी. आकडे चढत गेले म्हणजे गडीही मोठे होत गेले, असं मानणारे पुष्कळ आहेत. पण 1991 साली लढत घरी मागवण्याची सोयच थोड्या घरांत होती. 2015 पर्यंत ती सर्वदूर पोचली आणि दरही दुपटीच्या वर गेला. त्या काळचे 14 लाख आणि नंतरचे 46 लाख एका तराजूत घालता येत नाहीत.

त्याही मागे गेलं तर तराजूच बदलतो. 2 जुलै 1921 रोजी जर्सी सिटीत जॅक डेम्प्सी आणि फ्रान्सचा जॉर्ज कार्पेंतिए लढले, तेव्हा सुमारे 80 हजार माणसं लाकडी बाकांवर बसली होती आणि मुष्टियुद्धाचा गल्ला पहिल्यांदा दहा लाख डॉलरच्या पुढे गेला. कार्पेंतिए अंगाने हलका होता, तो टिकणार नाही हे जाणकारांना दिसत होतं. पण तो महायुद्धात लढून आलेला देखणा फ्रेंच जवान होता, आणि डेम्प्सीवर युद्ध चुकवल्याचा डाग होता. लोक बुक्क्या बघायला आले नव्हते, पक्ष घ्यायला आले होते. 1971 मध्ये मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांना प्रत्येकी 25 लाख डॉलर मिळाले. ती लढत लोकांनी तिकीट काढून चित्रपटगृहांच्या पडद्यावर पाहिली. अलीच्या त्या गर्दीला पे-पर-व्ह्यूच्या तक्त्यात जागाच नाही. म्हणून काय अली छोटा?

आपल्याकडे हाच वाद कुस्तीवर चालतो. फरक एवढाच की अमेरिकेत तो आकड्यांवर होतो आणि इथे आवाजावर. पण एक गोष्ट आपल्या वस्तादांना अमेरिकी ठेकेदारांच्या कितीतरी आधी कळली होती. मैदान पैलवानाच्या नावाने भरत नाही, जोडीच्या नावाने भरतं. म्हणून आपल्याकडे पैलवान ‘आणला’ यापेक्षा जोड ‘बांधली’ याला जास्त मान आहे.

सत्तरच्या दशकातलं मोठं उदाहरण सतपालचं. गुरू हनुमानांच्या दिल्लीच्या आखाड्यातला हा पैलवान, पुढे 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतला सुवर्णपदकविजेता. तो दिल्लीचा मल्ल. पण महाराष्ट्राने त्याला पाहिलं ते आपल्या मल्लांना भारी पडणारा परका म्हणून, आणि त्याला कोण अडवणार या एका प्रश्नावर इथली मैदानं भरली. 1977 साली बेळगावात हरिश्चंद्र बिराजदार त्याच्यासमोर उभे राहिले. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचा हा गडी 1969 चा महाराष्ट्र केसरी, 1970 च्या एडिनबरो राष्ट्रकुल स्पर्धेतला सुवर्णविजेता. बिराजदारांनी सतपालला हरवलं आणि ती कुस्ती अजून सांगितली जाते. त्या दशकात महाराष्ट्रात सर्वांत जास्त गर्दी कुणी खेचली, असं कुणी विचारलं तर या स्तंभाचं उत्तर मराठी पैलवानाचं नाव नसेल. ते सतपालचं असेल. बिराजदार आणि त्याच काळातले मराठी मल्ल युवराज पाटील यांची थोरवी त्याने कमी होत नाही. उलट सतपालमुळेच त्यांच्या कुस्त्यांना धार आली. मेवेदरलाही हे पुरतं ठाऊक होतं. तो जाणूनबुजून उद्धटपणा करायचा, कारण त्याला हरताना पाहण्यासाठीही लोक पैसे मोजत.

खासबागेचा उल्लेख इथे टाळता येत नाही. शाहू महाराजांनी 1902 च्या युरोप दौऱ्यात रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि 1907 ते 1912 या काळात कोल्हापुरात मातीच्या उतारावर हे गोल मैदान बांधून घेतलं. कुठेही बसा, समोरच्याचं डोकं आड येत नाही. मेवेदर आणि पॅकियाओ यांच्या लढतीला सभागृहात जेमतेम सोळा हजार माणसं होती. खासबागेत त्याहून कितीतरी जास्त सहज मावतात. अर्थात त्या सोळा हजारांनी दाराशी 7 कोटी 20 लाख डॉलर मोजले होते, ही गोष्ट वेगळी.

आता गावच्या दंगलीकडे या, कारण पैशाचा खरा गमतीदार हिशेब तिथे आहे. जत्रेच्या दंगलीला बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. वर्गणी आधीच गोळा झालेली असते, इनाम पंचांनी ठरवलेलं असतं. दुपारी रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, शेंबडी पोरं मातीत लोळतात, मग शंभराच्या, पाचशेच्या, हजाराच्या जोडी लागत जातात आणि दिवस कलायला लागला की मानाची कुस्ती. दोघांचे हात धरून पंच मैदानाला फेरी मारतात, हलगी चढते. आणि निकाल लागला की चितपट करणारा पैलवान, अंगाला माती तशीच, कडेने फिरतो. कुणी दहाची नोट देतो, कुणी शंभराची, कुणी पाचशेची. निवेदक देणाऱ्याचं नाव आणि गाव पुकारतो. पाहण्याआधी पैसे नाहीत, पाहिल्यावर आहेत, तेही आवडलं तर. कुस्ती रटाळ झाली, अर्धा तास नुसती झोंबाझोंबी होऊन बरोबरीत सोडवली, तर फेरीला काहीच पडत नाही. पैलवानाची ओढ मोजायला याहून प्रामाणिक माप जगात कुठे असेल, असं वाटत नाही. टायसनने 1995 मध्ये पीटर मॅकनीलीला 89 सेकंदांत संपवलं. 15 लाखांहून जास्त लोकांनी त्यासाठी आगाऊ पैसे भरले होते. लढत संपल्यावर टोपी फिरवली असती तर त्यात किती पडले असते, हा विचार करण्यासारखा आहे.

बुलढाणा जिल्ह्याला या सगळ्यात आपली जागा आहे. इतिहासात रोहिणखेडचं नाव येतं ते 1437 आणि 1590 च्या लढायांमुळे. त्या पाहायला कुणी तिकीट काढलं नसावं. पण डिसेंबर 2018 मध्ये जालन्यात बाला रफिक शेखने अभिजित कटकेला 11-3 ने हरवून महाराष्ट्र केसरीची गदा उचलली ती बुलढाणा जिल्ह्याच्या नावावर. रफिक मूळचा करमाळा तालुक्यातल्या खडकीचा, घडला कोल्हापुरात गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली आणि मग पुण्यात. बुलढाण्याशी नातं स्पर्धेतल्या प्रतिनिधित्वाचं. तरी दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत तो ‘बुलढाण्याचा’ होता आणि जिल्ह्याने ते आनंदाने मान्य केलं. कटके आदल्या वर्षीचा विजेता, पुण्याचा, नावाजलेला. बुलढाण्याचं नाव घेऊन आलेल्याने त्याला रोखलं, यातच त्या कुस्तीची गोडी होती. 1999 मध्ये डे ला होया आणि त्रिनिदाद यांची लढत 14 लाखांनी विकत घेतली ती याच कारणाने. दोघेही हेवीवेट नव्हते. पण एकामागे मेक्सिकन वस्त्या होत्या आणि दुसऱ्यामागे अख्खं पोर्तो रिको.

अपवाद नाहीत असं नाही. समोर कोण आहे हे न पाहता ज्याच्यासाठी लोक पैसे मोजत असा मुष्टियोद्धा म्हणजे माईक टायसन. तुरुंगातून सुटून आला, समोर मॅकनीलीसारखा सोमागोमा, तरी विक्री झाली. म्हणून मेवेदरचे आकडे कितीही मोठे असले तरी एकट्याच्या बळावर गल्ला भरणारा टायसनच, हे या स्तंभाचं मत. आपल्याकडे ती जागा दारासिंगची. किंगकाँगबरोबरच्या त्याच्या फ्रीस्टाइल कुस्त्या देशभर गाजल्या, 29 मे 1968 रोजी त्याने मुंबईत लू थेझला हरवलं, आणि पुढे टीव्हीवर हनुमान झाला तेव्हा कुस्ती कधी न पाहिलेल्या घरांतही पोचला. त्या कुस्त्यांत नूरा (आधीच ठरवलेली) किती आणि काटा (खरी) किती, यावर तालमीतले लोक नाक मुरडतात. मुरडू देत. गर्दी खोटी नव्हती.

आता तर मोजमापाचीच घडी मोडली आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये 58 वर्षांचा टायसन यूट्यूबवर नाव कमावलेल्या जेक पॉलसमोर उभा राहिला. लढत नेटफ्लिक्सवर होती, वेगळे पैसे नव्हते, आणि 10 कोटींहून जास्त लोकांनी ती पाहिल्याचा कंपनीचा दावा आहे. लढत अगदीच सुमार झाली, ते सोडा. पाहणारे 10 कोटी आणि पैसे मोजणारे 46 लाख यांची तुलना कशी करायची?

कुस्तीचंही तेच. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख उपांत्य फेरीत महेंद्र गायकवाडकडून वादग्रस्त गुणांवर हरला आणि त्या एका डावाची चित्रफीत मोबाइलवर इतकी फिरली की गदा जिंकणाऱ्या शिवराज राक्षेपेक्षा चर्चा सिकंदरचीच झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर आणि शिवराज अंतिम फेरीत समोरासमोर आले. दहा महिने लोकांनी मनात बांधून ठेवलेली जोड होती ती. सिकंदरने अर्ध्या मिनिटाच्या आत निकाल लावला. गावोगाव ती कुस्ती मोबाइलवर फुकट पाहिली गेली. पण पुढच्या हंगामात जत्रा समित्यांनी सिकंदरला बोलावण्यासाठी जी धडपड केली, ती त्या फुकट पाहण्याचीच वसुली होती.

एका बाबतीत मात्र अमेरिका पुढे आहे आणि ते कबूल केलं पाहिजे. डेम्प्सीच्या लढतीला शंभर वर्षं उलटली तरी तिचा गल्ला आज सांगता येतो. आपल्याकडे मोठमोठ्या कुस्त्यांबद्दल ‘मैदान खच्चून भरलं होतं’ यापलीकडे हाती फारसं लागत नाही. जत्रा समित्यांकडे वर्गणीच्या वह्या असतात, इनामाच्या याद्या असतात, जोडी छापलेली हँडबिलं असतात. दंगल झाली की ती रद्दीत जातात. यंदाच्या हंगामापासून प्रत्येक समितीने एक वही वेगळी ठेवावी. तारीख, जोड, इनाम, निकाल, अंदाजे गर्दी आणि विजेत्याच्या फेरीला जमलेली रक्कम एवढं लिहिलं तरी पुरे. आणि ज्यांच्या घरी जुनी हँडबिलं किंवा खासबागेची तिकिटं पडून असतील, त्यांनी ती कृपा करून टाकून देऊ नयेत.