घाई नको, आडकाठीही नको

स्मरणिकेच्या पानांवर बहुधा पूर्ण झालेल्या यशाची नोंद होते. आम्ही मात्र या वेळी एका अपुऱ्या राहिलेल्या प्रश्नाविषयी लिहीत आहोत. कारण तो एका विद्यार्थ्यापुरता नाही आणि त्याचे उत्तर आम्हा शिक्षकांना एकट्याने देता येण्यासारखेही नाही.

गेल्या पावसाळ्यात पालकभेटीच्या रविवारी बारावीतील एका विद्यार्थ्याचे वडील कार्यालयात आले. हंगामात पती-पत्नी दोघेही ऊसतोडीला जातात. जयभीम करून ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी आमच्यासमोर ठेवला. एका व्यावसायिक हॉकी संघाच्या निवड शिबिराचे ते बोलावणे होते. ते एवढेच म्हणाले, “सर, पोरगं तयार हाय का? तुम्ही सांगाल तसं करू.”

या विश्वासाने आम्हाला आनंद झाला, त्याहून अधिक भीती वाटली. कारण या बाबतीत आमच्या हातून दोन्ही प्रकारच्या चुका झालेल्या आहेत. काही वर्षांपूर्वी एका मुलाला आम्ही मोठ्या उत्साहाने, हारतुरे घालून शाळेबाहेरच्या सरावकेंद्रात पाठवले. दीड वर्षाने तो गुडघा दुखावून परतला. तोवर बारावीचे वर्ष हातचे गेले होते आणि संघाच्या यादीतून नावही. त्यानंतर एका गुणी मुलीला आम्ही ‘आधी परीक्षा’ म्हणून अडवून धरले. ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. पण त्या वर्षीची निवड पुन्हा तिच्या वाट्याला आली नाही. आजही ती भेटते तेव्हा आदराने बोलते, हॉकीचा विषय मात्र काढत नाही.

म्हणून ‘तयार’ या शब्दाचा अर्थ आधी नीट लावला पाहिजे. त्याचे उत्तर वयात नाही. राणी रामपाल चौदाव्या वर्षी भारतीय संघात आली, पंधराव्या वर्षी 2010 चा विश्वचषक खेळली आणि पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथ्या स्थानापर्यंत पोहोचलेल्या संघाची कर्णधार झाली. याउलट खडकीच्या वसाहतीत मोडक्या काठ्यांनी खेळत वाढलेले धनराज पिल्ले 1989 मध्ये देशासाठी पहिल्यांदा उतरले, तेव्हा एकवीस वर्षांचे होते. तरीही 1992 ते 2004 या काळात ते चार ऑलिंपिक खेळले. एकीला लवकर संधी मिळाली, दुसऱ्याला काहीशी उशिरा. दोघांचेही नुकसान झाले नाही. तेव्हा केवळ जन्मतारीख पाहून निर्णय देणे हे आमच्या मते आळशीपणाचे ठरेल.

आम्ही चार गोष्टी पाहतो.

पहिली गोष्ट मैदानाची. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली आणि त्याच स्पर्धेत भारत सातव्या स्थानी घसरला. आपली मुले आजही मुरमाच्या पटांगणावर शिकतात. तेथे चेंडू उसळतो, अडखळतो. त्याला आवरण्याचे कसब मुलांच्या मनगटात येते. हिरवळीवर तोच चेंडू सरळ आणि कितीतरी वेगाने येतो आणि विचाराला सवड उरत नाही. आमचा हा विद्यार्थी चेंडू सुरेख खेळवतो. पण चेंडू मिळण्याआधीच पुढचा पास कोठे द्यायचा हे ठरवण्याची सवय त्याला अजून लागायची आहे. ती हिरवळीवर खेळूनच लागेल, शाळेच्या पटांगणावर नाही.

दुसरी गोष्ट शरीराची. पंधरा मिनिटांचे चार डाव आणि सतत होणारी अदलाबदल यांमुळे आजचा खेळ विश्रांतीचा राहिलेला नाही. जो मैदानात असतो त्याने पूर्ण वेगानेच धावायचे असते. सतरा वर्षांच्या मुलाची हाडे अजून भरत असतात. पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग फ्लिक मारताना कंबर आणि पाठ यांवर जो ताण येतो, तो तिशीच्या खेळाडूलाही जड जातो. वसतिगृहाच्या भोजनावर वाढलेल्या मुलाला एकदम त्या पंक्तीत बसवायचे असेल, तर आधी वर्षभर त्याचा आहार आणि व्यायाम जाणकाराच्या नजरेखाली हवा.

तिसरी गोष्ट मनाची. हॉकी इंडिया लीग 2024 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली, तेव्हा प्रत्येक संघात चोवीस खेळाडू आणि त्यांत चार कनिष्ठ खेळाडू असणे बंधनकारक होते. नवोदितांसाठी हे दार मोलाचे आहे. परंतु मैदानावर एका वेळी अकराच जण असतात. गावाने मिरवणूक काढून निरोप दिलेल्या मुलाला महिनाभर राखीव बाकावर बसून राहता येईल काय? पराभवानंतरचे शब्द त्याला सोसतील काय? टोकियोत भारताचा महिला संघ उपांत्य सामना हरला, तेव्हा वंदना कटारिया यांच्या रोशनाबादच्या घरासमोर जातिवाचक शिवीगाळ झाली. काही दिवसांपूर्वीच त्यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. आपल्या मुलांना हे ठाऊक असले पाहिजे. टाळ्यांच्या भरवशावर उभे राहायचे नसते, हे आधी शिकवूनच त्यांना पाठवले पाहिजे.

चौथी गोष्ट पोटाची, आणि पालकांनी ती विशेष लक्षात घ्यावी. त्या लिलावात सर्वाधिक बोली 78 लाखांची, हरमनप्रीत सिंग यांच्यासाठी लागली. वर्तमानपत्रात तीच छापून आली. पायाभूत किमतीचा सर्वांत खालचा गट दोन लाखांचा होता, आणि अनेकांची तर बोलीच लागत नाही. शिवाय ही लीग 2013 मध्ये सुरू होऊन 2017 नंतर बंद पडली होती. त्या वेळी अठरा वर्षांचा असलेला मुलगा ती पुन्हा सुरू होईपर्यंत पंचविशीत पोहोचला. हॉकीपटूचे घर वर्षभर चालते ते प्रामुख्याने रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या यांसारख्या ठिकाणच्या नोकरीवर. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे; परंतु बहुतेक पदांसाठी पदकाबरोबर शैक्षणिक पात्रताही लागते.

येथे कोणी म्हणेल, ही सारी सुरक्षित माणसांची भाषा झाली. गरिबाच्या दारात संधी दोनदा येत नाही. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ज्या मुलीला आम्ही अडवले, तिचे मौन आम्हाला हेच सांगते. या संदर्भात जयपालसिंह मुंडा यांचे स्मरण होते. झारखंडच्या आदिवासी गावातून ऑक्सफर्डला गेलेले जयपालसिंह 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी भारताचे कर्णधार निवडले गेले, तेव्हा ते आयसीएसचे उमेदवार होते. रजा मिळाली नाही, तरी ते गेले. पुढे ती सेवाही त्यांनी सोडली. भारताने हॉकीतील पहिले सुवर्णपदक मिळवले. बाबासाहेब ज्या संविधान सभेत होते, त्याच सभेत पुढे जयपालसिंह आदिवासींचा आवाज म्हणून उभे राहिले. त्यांनी धोका पत्करला, हे खरेच. पण पत्करताना त्यांच्या गाठीशी शिक्षण होते, म्हणून आयसीएस सुटल्यावरही त्यांचे आयुष्य थांबले नाही. आपल्या मुलांनीही धोका पत्करावा; मात्र परतण्याची वाट शाबूत ठेवून.

त्या वडिलांना आम्ही जे उत्तर दिले ते असे. मुलगा शिबिराला तयार आहे, कराराला अजून नाही. शिबिराला त्याला जरूर पाठवावे; मोठ्या खेळाडूंमध्ये चार आठवडे सराव केल्याने जे कळेल, ते आमच्याकडे दोन वर्षांत कळणार नाही. निवड झाली, तरी या हंगामापुरती त्याने ती नम्रपणे पुढे ढकलावी. कारण तो हंगाम डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत चालला होता आणि बारावीची परीक्षा फेब्रुवारीतच येते. पुढल्या वर्षी अठरा पूर्ण झाल्यावर, बारावीचे प्रमाणपत्र हाती घेऊन त्याने उतरावे. हे वर्ष वाया जाऊ न देण्याची जबाबदारी आमची. आठवड्यातून दोनदा त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी हिरवळीवर सरावाला नेण्याचे आम्ही मान्य केले आहे. वडिलांनी मान हलवली. मुलाचा चेहरा मात्र उतरला, हेही येथे नोंदवले पाहिजे. आमचा निर्णय चुकला, तर त्याची किंमत तो देईल, आम्ही नाही. याची जाणीव ठेवूनच आम्ही हे लिहीत आहोत.

म्हणूनच माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे आहे. आपल्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, बँकेत काम करणारे आहेत. वर्षातून दोनदा खेळाडू मुलांची शारीरिक तपासणी, करारावर सही होण्यापूर्वी त्यातील प्रत्येक कलमाचे वाचन, सरावाच्या प्रवासाचा खर्च आणि बुडालेल्या तासांची भरपाई करणारा एखादा शिक्षक, एवढे जरी उभे राहिले, तरी ‘पोरगं तयार हाय का?’ या प्रश्नाला पुढच्या पालकाला अधिक ठाम उत्तर देता येईल. तो तयार आहे की नाही हे विचारताना, त्याच्या पाठीशी उभे राहण्यास आपण तयार आहोत का, हेही आपल्याला सांगावे लागेल. ज्यांना यात वाटा उचलावासा वाटतो, त्यांनी या वर्धापन दिनी भोजनानंतर क्रीडा विभागाच्या खोलीत अवश्य यावे. तो मुलगाही तेथे असेल.