हार घातला, पण ब्रेक ऑईल बदलले का?



गळीत हंगाम संपला की आपल्या कारखान्यात काय चालते हे आपण जाणताच. मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, पंप खोलले जातात. मिल तर चालू होती, मग खोलता कशाला, असे कोणी विचारत नाही. भर हंगामात गाळप थांबले की काय होते हे सर्वांनी पाहिले आहे. मात्र ज्या मोटारसायकलवर आपण रानात, गट ऑफिसात, सोयऱ्याधायऱ्यांकडे फिरतो, तिच्या बाबतीत आपला कारभार उलटा. खंडेनवमीला धुवायची, झेंडूचा हार घालायचा, लिंबू बांधायचे, की झाली ओव्हरहॉलिंग!

मीही त्यातलाच. काही वर्षांपूर्वी मंडळींना मागे बसवून गणपतीपुळ्याला निघालो. आंबा घाट उतरताना पुढचा डिस्क ब्रेक सारखा दाबत होतो. निम्म्यात आल्यावर ब्रेकची मूठ एकदम मऊ पडली आणि थेट हँडलला टेकली. समोर वळण, खाली दरी. गाडी गिअरवर पाडली, मागचा ब्रेक दाबला आणि कशीबशी कडेला घेतली म्हणून आज हे लिहितो आहे. नवल म्हणजे अर्ध्या तासाने ब्रेक आपोआप लागायला लागला. साखरप्यात मिस्त्रीने हँडलवरची डबी उघडली. आतले तेल काळ्या चहासारखे. "किती वर्षांचं आहे हे?" त्याने विचारले. गाडी घेतल्यापासूनचे, म्हणजे चार वर्षांचे होते. मला तोंड वर करता येईना.

यातले शास्त्र अवघड नाही. मिलच्या वरच्या रोलरवर तेलाच्या दाबाने वजन देतात, तसाच डिस्क ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. पण हे तेल हवेतली ओल पिते. पावसाळ्यात उघडी ठेवलेली गुळाची ढेप पाझरते, तसाच प्रकार. नवे डॉट-४ तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. घाटात ब्रेक तापला की तेल उकळून वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून मूठ मऊ पडते. शिवाय त्या ओलीने आतले भाग गंजतात ते वेगळेच. यासाठी दर दोन वर्षांनी तेल बदलावे, मग गाडी कमी फिरलेली का असेना.

बरेच जण म्हणतात, ब्रेक ही घरी हात घालायची गोष्ट नाही. निम्मे खरे आहे. पण गॅरेजमध्येही पुष्कळदा जुन्या तेलावर नवे ओतून वाटे लावतात. आणि ज्याला इंजिनावरच्या पंपाची हवा काढता येते, त्याला हे काम जमण्यासारखे आहे. सामान थोडेच : बहुतेक गाड्यांना ८ नंबरचा रिंग पाना, पारदर्शक नळी, बाटली, सिरिंज आणि तेलाची सीलबंद बाटली. डबीच्या झाकणावर डॉट-३ की डॉट-४ लिहिलेले असते, तेच घ्यावे. इंजिन ऑईल चुकूनही नको, रबरी सील फुगतात. गेल्या सालची उघडी बाटलीही नको.

टाकीवर ओले फडके टाकावे, कारण हे तेल रंग खाते. डबीतले जुने तेल सिरिंजने ओढून नवे भरावे. खाली कॅलिपरच्या निपलला नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवावे. मग मूठ दाबून धरायची, निपल पाव फेरा सैल करायचा, तेल आले की निपल बंद करायचा, आणि त्यानंतरच मूठ सोडायची. हा क्रम चुकला की हवा आत शिरते. पहिल्यांदा मी मूठ आधी सोडली आणि सगळी दुपार हवा काढण्यात गेली. डबीतले तेल खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नये. नळीतून स्वच्छ, बुडबुड्याविना तेल येऊ लागले की काम झाले. निपल बेताने आवळावा, जोर केला तर तुटतो. डिस्कवर थेंब पडला तर धुऊन काढावा.

एबीएसच्या गाडीत डबी रिकामी होऊन हवा आत गेली, तर कंपनीच्या वर्कशॉपलाच न्यावी. तिथे हुशारी दाखवू नये. आणि कोणतीही गाडी असो, मूठ दगडासारखी घट्ट लागल्याशिवाय अंगणाबाहेर काढू नये. काढलेले तेल बांधावर किंवा पाटात न ओतता गॅरेजच्या जुन्या तेलात द्यावे.

संचालक मंडळाला माझी एक सूचना आहे. ऊस विकासाचे मेळावे आपण घेतोच. तसेच पावसाळा सरता सरता, बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी, प्रत्येक गट ऑफिसात वाहन विभागाच्या मिस्त्रींकडून एक दिवस याचे प्रात्यक्षिक ठेवावे. खर्च किरकोळ आहे. हंगामात रात्री-अपरात्री उसाच्या ट्रॉल्यांमागून याच रस्त्यांनी आपली पोरे गाडी चालवतात. पुढची ट्रॉली अचानक थांबली तर हार आणि लिंबू गाडी थांबवत नाहीत.

येत्या खंडेनवमीला हार जरूर घाला. पण त्याआधी डबीत एकदा डोकावून बघा.

— एक ऊस उत्पादक सभासद