चोरलेली दोन वर्षे

२०२१ च्या ऑगस्टमध्ये केनियातील नैरोबी येथे वीस वर्षांखालील खेळाडूंची जागतिक मैदानी स्पर्धा झाली. तेथे लांब उडीच्या अंतिम फेरीत झाशीची शैली सिंह ६.५९ मीटर गेली आणि स्वीडनची माया ओस्काग ६.६० मीटर. सुवर्णपदक एका सेंटिमीटरने हुकले. चकलीचा एक वेढा जेवढा जाड असतो तेवढेच हे अंतर! शैली तेव्हा सतरा वर्षांची होती, ओस्काग अठरा वर्षांची. दोघीही नियमात बसत होत्या. तेव्हा हरणारीनेही मान ताठ ठेवून घरी यावे अशीच ती हार होती. परंतु ज्या खेळात निकाल एका सेंटिमीटरवर ठरतो, त्या खेळात एका मुलाच्या अंगात दुसऱ्यापेक्षा दोन वर्षांची वाढ अधिक असेल आणि ती कागदावर लपविलेली असेल, तर त्या प्रकाराला स्पर्धा म्हणायचे की दरोडा?

सणासुदीच्या दिवसांत हा दरोड्याचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे की हा दरोडा मैदानावर पडतच नाही. तो आपल्या घरात पडतो. गोदरेजच्या कपाटात ज्या फायलीत जन्मदाखले ठेवलेले असतात, त्या फायलीत पडतो. बारा वर्षांचे पोर काही तहसील कचेरीत जाऊन स्वतःचे वय खोडून येत नाही. ते काम वडील करतात, मामा करतात, कधी त्याला शिकविणारे सर करतात. आणि सही करायला आमच्यासारखे शेजारी असतातच.

जन्मतारखेशी खेळण्याची आपली परंपरा जुनी आहे. माझ्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख आहे. आई सांगे की मी पोळ्याच्या आदल्या दिवशी जन्मलो. शाळा जूनमध्ये सुरू होणार, पोराचे वय भरलेले पाहिजे, म्हणून गुरुजींनी १ जून लावून टाकली. महाराष्ट्रात माझ्या पिढीचे असे लक्षावधी लोक आहेत. त्या एका दिवशी निम्मा गाव जन्मलेला असतो! त्या थापेत निदान लबाडी नव्हती. गुरुजींनी आम्हाला शाळेत घेण्यासाठी दोन-तीन महिन्यांनी मोठे केले, आणि त्याची किंमत आम्ही तेवढे महिने आधी निवृत्त होऊन चुकविली. आता उलटे चालले आहे. आता बाप मुलाला दोन वर्षांनी लहान करतो, आणि किंमत दुसऱ्याच्या मुलाला मोजावी लागते.

नियम अगदी सोपा आहे. ज्या वर्षी स्पर्धा, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत ज्याला वीस पूर्ण होत नाहीत तो या गटात बसतो. २०१६ साली पोलंडमधील बिडगोश्च येथे नीरज चोप्राने भाला ८६.४८ मीटर फेकला. त्या वयोगटातील तो जागतिक विक्रम ठरला. नीरजचा जन्म २४ डिसेंबर १९९७ चा. म्हणजे १९९७ च्या १ जानेवारीला जन्मलेला मुलगा जवळजवळ वर्षाने थोरला असूनही त्याच्या शेजारी त्याच गटात उभा राहू शकत होता. २००२ साली किंग्स्टनला उसेन बोल्टने याच स्पर्धेत दोनशे मीटरची शर्यत जिंकली तेव्हा त्याला सोळावे वर्षही पूर्ण झाले नव्हते आणि त्याला तीन-चार वर्षांनी मोठ्या मुलांबरोबर धावावे लागले. असे मोठ्यांना हरवणारे क्वचितच निघतात. सर्वसाधारण मुलाचे काय? पंधराव्या वर्षी मिसरूड न फुटलेल्या मुलाला सतराव्या वर्षीच्या दाढीवाल्याशेजारी उभे करून पाहा म्हणजे कळेल.

वयोगट निर्माण केले ते याच कारणासाठी. अठरा वर्षांखालील मुलाला पाच किलोचा गोळा देतात, वीस वर्षांखालील मुलाला सहा किलोचा, आणि प्रौढाला ७.२६ किलोचा. प्रौढांच्या ११० मीटर शर्यतीतील अडथळे १०६.७ सेंटिमीटर उंच, कुमारांचे ९९.१. वाढत्या हाडांवर बेताबेताने भार पडावा एवढाच हेतू. वीस वर्षांचा बाप्या पाच किलोचा गोळा फेकून पदक मिळवितो तेव्हा तो काही शिकत नाही. पुढे खरा गोळा हातात आला की त्याचे पितळ उघडे पडते. तोवर ज्याची पाळी होती तो पंधरा वर्षांचा मुलगा चौथा येऊन, पाचवा येऊन कंटाळतो आणि मैदान सोडून क्लासला जाऊ लागतो. एका खोट्या दाखल्याने दोन मुले बुडतात.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. आमच्या शेजारच्या मुलाच्या प्रतिज्ञापत्रावर ओळखीचा माणूस म्हणून मीच सही केली होती. "अहो काका, एक सही तर हवी, कोणाचे काय जाते?" असे त्याचे वडील म्हणाले, आणि मी चष्मा शोधून सही केली. मुलगा जिल्ह्यात पहिला आला. पेढे आले, ते आम्ही खाल्ले. दहावीला खेळाचे वाढीव गुणही मिळाले. पुढे वरच्या निवडीला डाव्या मनगटाचे क्ष-किरण चित्र काढणार असे कळले, तेव्हा पायात काटा रुतल्याचे सांगून त्याला घरी बसविले. तो पोरगा खरोखर चांगला धावत असे हो! त्याच्या खऱ्या वयात त्याला धावू दिले असते तर तो तिसरा आला असता, पुढच्या वर्षी दुसरा आला असता. पण त्या संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "काका, माझा वाढदिवस आता कुठला धरायचा?" मला उत्तर देता आले नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव. गरिबाच्या पोराने एवढी संधी घेतली तर बिघडले काय? बिघडले असे की चौथा आलेला मुलगाही गरिबाचाच असतो. आणि सोळाव्या वर्षी पदक नाही म्हणजे जन्म वाया गेला हे कोणी सांगितले? बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यानंतर, विशी उलटल्यावर स्पर्धेत धावू लागला. त्याने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक घेतले आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. कुमारगटाच्या प्रशस्तिपत्रावाचून त्याचे काही अडले नाही.

दुसरा आक्षेप अधिक सयुक्तिक आहे. मनगटाच्या हाडांवरून काढलेले वय हा अंदाज असतो. कोणाची वाढ लवकर होते, कोणाची उशिरा, आणि एखादा सच्चा मुलगा त्यात नाहक अडकू शकतो. मान्य. मग हाडांपर्यंत पाळी येऊच नये यासाठी काय करता? जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी असे १९६९ चा कायदा सांगतो. २०२३ च्या दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मदाखला हाच एकमेव पुरावा ठरविला. फार चांगले झाले. पण ती बाळे सोळा वर्षांची होणार २०३९ साली! तोवर मैदानावर जी मुले उतरतील त्यांचे वय आईबापांच्या शब्दावरच राहणार आहे.

शेजारच्यांचा धाकटा आता चौदाचा आहे. यंदा श्रावणात त्याचेही कागद माझ्याकडे सहीसाठी आले होते. मी ते कोरेच परत पाठविले. दिवाळीला त्यांच्या घरून फराळाचे ताट आलेले नाही.