डाग घालवायचाय की रंग बदलायचाय?

चेहऱ्याची ‘ट्रीटमेंट’ ही आता सिनेमातल्या नट्यांची मक्तेदारी राहिलेली नाही. आमच्या खडकीचंच बघा ना. एकीकडे बाजारातली पार्लरं आणि कॉस्मेटिकची दुकानं, दुसरीकडे शहरातली चकाचक ‘स्किन क्लिनिक’. २०२५च्या जूनमध्ये खडकीचं मेट्रो स्टेशन सुरू झालं आणि शिवाजीनगर काही मिनिटांवर आलं. पर्याय वाढले, तशी पंचाईतही वाढली. पील करायचं की लेझर? पार्लरमध्ये की डॉक्टरांकडे? लहान गावात तर त्वचेचे डॉक्टर आठवड्यातून एखाद्या दिवशी येणार. मग पार्लरवाल्या ताई देतील ती डबी मुकाट्याने घ्यायची, असंच बहुतेक वेळा होतं.

त्या डबीबद्दल आधी बोलू या. २०२३च्या सुरुवातीला अकोल्याची एक बातमी आली होती. एका तरुण विद्यार्थिनीने स्थानिक पातळीवर मिळणारं एक क्रीम लावायला सुरुवात केली. चेहरा उजळला, लोक कौतुक करू लागले. ते पाहून आईने आणि बहिणीनेही तेच क्रीम सुरू केलं. काही महिन्यांत तिघींच्याही किडनीला इजा झाल्याचं निदान झालं. एकाच घरातल्या तिघी एकाच दुखण्याने कशा आजारी पडल्या, याचा शोध डॉक्टरांनी घेतला तेव्हा संशयाची सुई क्रीमकडे वळली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते तपासलं गेलं. त्यात पारा होता, आणि तोही भरपूर!

हे काही अकोल्यापुरतं नाही. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या एका विशिष्ट किडनीविकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या १५ जणांमध्ये या विकाराचा एक दुर्मिळ प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी आजारापूर्वी गोरेपणाचं क्रीम वापरल्याचं सांगितलं. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची तब्येत सुधारली, हे नशीब. पण एका रुग्णाच्या मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळीही झाली होती.

पारा घालतात कशाला? तर तो काम करतो म्हणून. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य तयार होतं, पारा ती क्रियाच अडवतो. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो आणि आपण खूश! पण तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि किडनीत साठतो. आपल्याकडच्या २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय ‘मिनामाता करारा’त भारत आहे. पारा असलेली सगळी सौंदर्यप्रसाधनं २०२५पर्यंत बंद करायची, असं त्या करारातल्या देशांनी २०२३ मध्ये ठरवलं. तरीही लेबल नसलेली डबी गल्लीबोळात, आणि आता मोबाइलवरूनही, मिळतेच. कायदा कारखान्याच्या दारात पोचतो. पर्समधून निघणाऱ्या डबीपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो.

दुसरा चोर मात्र औषधाच्या दुकानात उघडपणे बसलेला आहे, तो म्हणजे स्टिरॉइडचं मलम. ‘खाज येते, डाग पडलेत’ म्हटलं की एखादी ट्यूब हातात पडते. शेजारीण म्हणते, ‘माझा चेहरा बघ कसा साफ झाला!’ स्टिरॉइडने सुरुवातीला झटपट फरक दिसतो हे खरं. पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, उन्हात चुरचुरते, चेहऱ्यावर लव वाढते, मुरुमं येतात. आणि मलम थांबवलं की सगळं दुपटीने उफाळतं, म्हणून पुन्हा तेच लावायचं. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यावर बरीच ओरड केल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तुमच्या गावात ती चिठ्ठीशिवाय मिळतात का, हे तुम्हीच आठवून पाहा. अशी सवय लागली असेल तर मनाने एकदम बंद करू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडवा.

आता मुद्द्याचं. पार्लरच्या किंवा क्लिनिकच्या पायऱ्या चढण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा : मला डाग घालवायचाय की रंग बदलायचाय? डाग, वांग, मुरुमं, खड्डे या तक्रारी आहेत आणि त्यांवर इलाज आहेत. सावळा रंग ही तक्रार नाही. त्यावर इलाज विकणारा माणूस पारा विकतो, स्टिरॉइड विकतो, नाहीतर नुसती आशा विकतो.

तक्रार पाहून इलाज

वांग : गालावर, कपाळावर तपकिरी पट्टे. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, ऊन आणि घराण्यातला वारसा ही याची कारणं. वांग आटोक्यात राहतो, पण कायमचा जाईल अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. पाया सनस्क्रीनचा. वर डॉक्टर ठरवतील ते मलम, आणि गरज पडली तर हलकं पील. लेझरने वांग कधी कधी जास्तच गडद होतो, म्हणून तो पहिला पर्याय नव्हे. काही जणींना ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या देतात. मुळात हे रक्तस्राव थांबवायचं औषध. गुठळी होण्याचा इतिहास असेल तर ते धोक्याचं. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून आणायची ही गोळी नाही.

मुरुमं आणि त्यांचे डाग : आधी मुरुमं थांबवायची, डाग नंतर. सॅलिसिलिक अॅसिडचं पील इथे उपयोगी पडतं. मुरुमांबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर चेहऱ्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील तर पील किंवा लेझरपूर्वी ते सांगायलाच हवं. आणि गरोदरपणात त्या गोळ्या अजिबात चालत नाहीत, बाळात व्यंग येऊ शकतं.

मानेवरचा, काखेतला मखमली काळेपणा : मुलींना यावरून ‘नीट अंघोळ कर’ म्हणून किती बोलणी खावी लागतात! तो मळ नसतोच. अनेकदा ती शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. इथे फेशियलपेक्षा रक्तातली साखर तपासणं महत्त्वाचं.

पार्लरमधलं ब्लीच : त्याने चेहऱ्यावरची लव सोनेरी होते, म्हणून चेहरा उजळ वाटतो. वांग किंवा डाग त्याने जात नाहीत, उलट त्वचा चिडली तर नवे डाग पडतात.

पीलचं नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. ग्लायकोलिक अॅसिड हे उसात आढळणारं आम्ल, लॅक्टिक अॅसिड दह्यातलं. वरचा थर हलकेच निघतो, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने चार-सहा वेळा करावं लागतं. पण आम्लाची तीव्रता किती आणि ते चेहऱ्यावर किती मिनिटं ठेवायचं, यावर सगळा खेळ आहे. गव्हाळ-सावळ्या त्वचेला जरा जास्त भाजलं की तिथेच काळा डाग उमटतो आणि तो महिनोन् महिने राहतो. लेझरचंही तेच. यंत्र रंगद्रव्य शोधतं, आपल्या त्वचेत ते भरपूर. म्हणून गोऱ्या कातडीसाठीचं माप आपल्याला जसंच्या तसं चालत नाही.

मग पार्लर वाईट का? मुळीच नाही. थ्रेडिंग, साधं क्लीनअप, मसाज, मेकअप यासाठी पार्लरवाल्या ताईच हव्यात, आणि कितीतरी बायकांचा संसार त्यावर चालतो. पण सुई, लेझर, तीव्र पील आणि नाव नसलेलं क्रीम ही तिथली कामं नव्हेत. ‘गोरेपणाचं’ म्हणून देतात त्या ग्लुटाथायोनच्या इंजेक्शनला तर त्या कारणासाठी आपल्याकडे मान्यताच नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सौंदर्योपचार आणि केशरोपणाबाबत सूचना काढल्या, तेव्हा यूट्यूबवर पाहून शिकणं हे प्रशिक्षण नव्हे, असं डॉक्टरांना बजावावं लागलं. डॉक्टरांना बजावावं लागतं, तर इतरांचं काय?

पैसे देण्यापूर्वी विचारा

ट्रीटमेंट कोण करणार? ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ या पाटीवरून माणूस डॉक्टर आहे की नाही हे कळत नाही. त्वचेतली एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा अशी पदवी आणि नोंदणी क्रमांक बघा. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दाखवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तो पडताळताही येतो.

काय लावणार? नाव आणि तीव्रता कागदावर मागा. डबीवर कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि घटक नसतील तर ती परत करा. ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरिक’, ‘कॅलोमेल’ हे शब्द दिसले तर हातही लावू नका.

आधी थोड्या जागी लावून बघणार का? बिघडलं तर कोण बघणार? किती वेळा यावं लागेल आणि एकूण खर्च किती? पहिल्याच दिवशी दहा सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारणाऱ्याला ‘विचार करून सांगते’ म्हणायला शिका.

खर्च परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. खडकीच्या बायकांना ससून जवळ आहे. तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करा. एकदाच दाखवलं आणि नेमकं निदान कळलं, तरी पुढचे कितीतरी पैसे वाचतात. क्रीम लावणाऱ्या कुणाच्याही चेहऱ्यावर-पायावर सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल, तर क्रीम थांबवा, डबी जपून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्या. फसवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. क्रीमबाबत अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातही जाता येतं.

१९७५ मध्ये आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चं नाव २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. कंपनीने शब्द बदलला. आपण बदललाय का? मुलगी पाहायला येणारे ‘रंग जरा कमी आहे’ म्हणतात, तेव्हा घरातली मोठी बाईच हळूच डबी आणून देते. अकोल्यातही क्रीम एकीकडून दुसरीकडे गेलं ते कौतुकातून, मायेतून. ती माया दाखवायचीच असेल तर मुलीला चांगलं सनस्क्रीन आणून द्या, मुरुमं असतील तर डॉक्टरांकडे न्या, आणि रंगाबद्दल बोलणाऱ्या पाहुण्याला चहा देऊन वाटेला लावा.