गाडी अडली, जबाबदारी कोणाची?

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्तीला दिलेली गाडी महिना-दीड महिना अडकली की विक्रेता सहसा तीन सबबी पुढे करतो. सुटा भाग कंपनीकडूनच आलेला नाही; जॉब कार्डावरची तारीख केवळ अंदाजाची होती; आणि घाई असेल तर गाडी बाहेर दुरुस्त करून घ्यावी, मात्र वॉरंटी जाईल.

पहिल्या सबबीत तथ्य आहे. सुटे भाग विक्रेता बनवत नाही, आणि २०२१ मध्ये सेमीकंडक्टरच्या टंचाईने खुद्द कारखान्यांचे उत्पादनही रखडले होते. तरीही त्याचा भार ग्राहकावर टाकता येत नाही. कंपनीशी करार विक्रेत्याचा असतो आणि भागाची मागणीही तोच नोंदवतो. भाग हाती नसताना चालती गाडी खोलून ठेवण्याचा निर्णयही त्याचाच असतो.

दुसरी सबब कायद्यापुढे टिकत नाही. मुदत ठरलेली नसेल तर काम वाजवी वेळेत पुरे केले पाहिजे, असे भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ४६ सांगते. कामासाठी ताब्यात घेतलेली वस्तू स्वतःच्या कसुरीमुळे वेळेवर परत न केल्यास तेव्हापासून तिचे जे नुकसान होईल, त्याची जबाबदारी कलम १६१ ताबा घेणाऱ्यावर टाकते.

तिसरी सबब तर निव्वळ धाक आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, सदोष दुरुस्तीमुळे झालेल्या नुकसानीपुरतीच ती नाकारता येईल, असे त्यात म्हटले होते. पुढे कंपन्या अपिलात गेल्या. पण आदेशामागचा तर्क रास्तच आहे.

म्हणून रीत अशी हवी: भाग मागवल्याची तारीख आणि गाडी मिळण्याची तारीख लेखी द्यावी, ती पुढे गेल्यास कारणासह नवी तारीख कळवावी, आणि चालण्याजोगी गाडी भाग येईपर्यंत मालकाकडे राहू द्यावी. ग्राहकानेही अंदाजपत्रकाची मंजुरी व विम्याची कागदपत्रे वेळेत द्यावीत. त्याच्या दिरंगाईचा दोष विक्रेत्याकडे जात नाही.

एवढे करूनही टोलवाटोलवी चालूच राहिली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यानंतर राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, जाता येते. तेथे विक्रेता आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करावे, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवण्याची सोय उरत नाही. टंचाई हे उशिराचे कारण असू शकते. तारीख न देण्याचे कारण ती होऊ शकत नाही.